बिटाच्या शेतातला डावा पंख

घोन्साल्विस सरांवर मी लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मेलबर्नमध्ये त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त ओळखणारी माणसं आहेत. त्यांतल्या काहींचं मराठी चांगलं आहे, काहींची स्मरणशक्ती चांगली आहे, आणि कर्णिक काकूंचं तर दोन्ही. मी आजवर जे काही लिहिलं ते उद्देश, साहित्य, कृती आणि निष्कर्ष या चार मथळ्यांखाली, आणि निष्कर्षापाशी आलो की माझा हात अजून थबकतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. गावी, चोपड्याला, वडिलांना पत्र लिहितानाही मी वर ‘विषय’ घालतो, अशी माझ्या बहिणीची तक्रार आहे. म्हणून मी आधी कर्णिक काकूंनाच लिहायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी लिहिलं तर माझ्या वजनाचा किस्सा मला गाळावा लागेल. आणि तो गाळला तर उरतं काय? तूच लिही.” म्हणून लिहितो. जिथे चुकेल तिथे सांभाळून घ्यावं.

बावतीस घोन्साल्विस मूळचे वसईचे. मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातल्या युनिव्हर्सिटीत ते मटेरियल्स शिकवत. म्हणजे धातू का वाकतो, का थकतो आणि का तुटतो. उंची बेताची, भुवया जाड, आणि शर्टाच्या खिशात कायम दोन-चार पेपरक्लिपा. बोलता बोलता एक क्लिप उलगडून ते ती मागे-पुढे वाकवत राहत. टक् करून ती तुटली की “झालं,” म्हणत आणि मुद्दा तिथे संपे. लेक्चर किती उरलंय हे कळायला आम्ही घड्याळाकडे बघत नसू, सरांच्या बोटांकडे बघत असू. एकदा एका ऑस्ट्रेलियन पोराने त्यांच्या टेबलावर जाड स्टीलची क्लिप ठेवून दिली. सर तास संपून गेल्यावरही बोलतच राहिले. शेवटी क्लिप खिशात टाकून म्हणाले, “ही ज्याने आणली त्याला माझा विषय समजलाय. बाकीच्यांनी त्याच्याकडून नोट्स घ्या.”

सरांना एक छंद होता. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीत लढाईची विमानं रिकामी झाली, वैमानिक रिकामे झाले, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की यांच्यात माणसं बसवून तिकीट लावावं. त्या सुरुवातीच्या दहा-बारा वर्षांत ही प्रवासी विमानं कुठे, कशी आणि कशामुळे पडली, हे सगळं सरांना पाठ होतं. लोकांना क्रिकेटचे जुने सामने पाठ असतात, तसं. कुणी “कसे आहात?” विचारलं तर सर “बरा आहे” म्हणत आणि पाचव्या वाक्याला आपण एखाद्या जर्मन कुरणात, मोडलेल्या चाकांशेजारी उभे असू.

हे वेड त्यांना लागलं जर्मनीतच. साठच्या दशकात ते तिथे शिकायला होते आणि एका म्हाताऱ्याच्या घरी वरची खोली भाड्याने घेऊन राहत. तो म्हातारा तरुणपणी त्याच प्रवासी विमानांवर मेकॅनिक होता. विमानाबरोबर तो स्वतःही तीनदा पडला होता आणि तिन्ही वेळा कपडे झाडून उठला होता. संध्याकाळी तो सरांना खाली बोलवी, सूप वाढी आणि एकेक अपघात सांगे. सर जर्मन भाषा शिकले ते त्या सुपावर. त्यामुळे त्यांचं जर्मन एका बाजूला फारच झुकलेलं होतं. त्यांना दुकानात ब्रेड धड मागता येत नसे. पण ‘डावा पंख बिटाच्या शेतात सापडला’ हे वाक्य ते असं म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तिथेच जन्मले.

याचा परिणाम आमच्या डिपार्टमेंटने एकदा भोगला. जर्मनीहून एक मोठे प्रोफेसर आले होते. हेडनी मोठ्या विश्वासाने सरांना सांगितलं, तुम्ही चार शब्द त्यांच्या भाषेत बोला. टी-रूममध्ये सगळे जमले. सर पुढे झाले, हात मिळवला आणि हसतमुखाने, अगदी खणखणीत उच्चारांत जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. पाहुण्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग ते इंग्रजीत म्हणाले, “आय ॲम सो सॉरी. वॉज इट युअर फॅमिली?” सर म्हणाले होते: धुकं फार होतं, डावा पंख बिटाच्या शेतात सापडला, पण देवाच्या कृपेने प्रवासी सुखरूप आहेत.

पुढे त्या दोघांची अशी गट्टी जमली की पाहुण्यांचं भाषण उशिरा सुरू झालं.

वर्गात पोरं त्यांना ‘क्रॅश’ म्हणत. तोंडावर. “मॉर्निंग, क्रॅश!” आणि सर “मॉर्निंग, माय पॅसेंजर्स,” म्हणत आत येत. टर्मच्या पहिल्या दिवशी ते दोन पत्रे घेऊन येत. एक सपाट, एक पन्हळी. दोन्ही पत्रे दोन विटांवर आडवे ठेवायचे आणि वर्गातल्या सगळ्यांत धिप्पाड पोराला वर उभं करायचं. सपाट पत्रा त्याच्याखाली मधोमध खचे. पन्हळी पत्रा त्याला उचलून धरे.

“तुझ्या घरी शेड आहे?” सर त्याला विचारत.

“येस, मेट. एव्हरीवन्स गॉट अ शेड.”

“त्याचं छप्पर कसलं आहे?”

“दिस स्टफ.”

“मग तुझ्या घरी अर्धं जर्मन विमान उभं आहे. त्या लोकांनी याच पन्हळीचं अंग लावून विमान उडवलं. आधी लाकूड आणि कापड होतं. ते भिजे, फुगे, फाटे. मग हे आलं. पडलं, म्हणून कळलं.”

‘पडलं, म्हणून कळलं’ हे ते मराठीतच म्हणत, आणि वर्गातले सगळे काईल आणि शेन एका सुरात त्यांच्यामागून म्हणत. मला परक्या देशातल्या पहिल्याच आठवड्यात चाळीस ऑस्ट्रेलियन पोरांच्या तोंडून आपली भाषा ऐकू आली, तेव्हा किती बरं वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही.

आता कर्णिक काकूंच्या वजनाबद्दल. क्लेटनच्या आसपासच्या मराठी घरांत तेव्हा एक रीत होती, कुणी भारतात निघालं की सगळे त्याला भेटायला जात. निम्मे प्रेमाने आणि निम्मे स्वतःची पार्सलं घेऊन. घोन्साल्विसांकडे मात्र जाणाऱ्यालाच रविवारी जेवायला बोलावत. मोनिका आंटी, म्हणजे सरांच्या पत्नी, वसईच्या पद्धतीचे, गोडसर पावासारखे फुगे तळत, मटणाचं इंदयाल करत. शाकाहारी माणसांसाठी वालाची भाजी असे. आणि जेवताना सर जाणाऱ्याला निरोपादाखल एक अपघात सांगत. ज्याला जो शोभेल तो. आधी हवामान. मग प्रवासी कोण होते आणि काय नेसून-घालून बसले होते. कारण पहिल्या उघड्या विमानांत प्रवाशांना केसाळ कोट, गॉगल आणि पायांशी गरम पाण्याची पिशवी देत असत. मग कुठला आवाज आला. मग शांतता. ती शांतता ते फार सुंदर पाळत. सगळ्यांचे घास हातात राहत. मग कुणीतरी हसे, कुणीतरी “काय सर, उद्या माझी फ्लाइट आहे!” म्हणून ओरडे, आंटी कॅरॅमल पुडिंग आणत आणि गलका होई. सर पुढे बोलतच असत. अपघातानंतर काय बदललं, कुठला सांधा जाड केला, कुठला नियम आला, हा त्यांच्या गोष्टीचा दुसरा भाग असे आणि तो पहिल्यापेक्षा लांब असे. पण तोवर पुडिंग आलेलं असे.

काकू निघाल्या तेव्हा त्यांच्या दोन बॅगा तुडुंब होत्या आणि उरलेली चॉकलेटं, मॅकॅडेमियाची पाकिटं त्या दोन जाकिटांच्या खिशांत भरून, दोन्ही जाकिटं अंगावर घालून विमानात शिरणार होत्या. तेव्हा बरेच जण असंच करत. सरांना हे कळलं. त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा आणून जेवणाच्या खोलीत मधोमध ठेवला.

“चढा.”

“अहो सर, काहीतरीच काय!”

“त्या काळी जर्मनीत प्रत्येक प्रवाशाला सामानासकट काट्यावर चढवत. बिशप असो की बँकर. विमान केवढं होतं? तुमच्या किचनएवढं. चढा, जाकिटं घालून चढा.”

काकूंचा मुलगा शेजारच्या एखाद्या गोऱ्या पोराच्या उत्साहाने ओरडला, “गो ऑन, मम!” काकू लाजत, चिडत चढल्या. सरांनी वाकून आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला आणि गंभीर आवाजात म्हणाले, “मी आकडा सांगणार नाही. मी सभ्य माणूस आहे. फक्त एवढंच म्हणतो, वैमानिकाला खाली उतरावं लागेल.”

मग त्यांनी एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. काट्यावर एक वजन दाखवून तो नंतर कोटात हॅमचे मोठाले तुकडे भरून विमानात बसला, आणि विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं तरी उठेना, कुंपणात जाऊन नाक टेकून बसलं. सगळे सुखरूप होते आणि हॅम सगळीकडे होतं. काकू आठवडाभर सरांशी बोलल्या नाहीत. पण मुंबईला पोचल्या पोचल्या त्यांचा क्लेटनला पहिला फोन गेला तो सरांना: “एकच जाकीट घातलं होतं हो.”

असा माणूस स्वतः मात्र कधीच विमानात बसला नव्हता. मुंबईहून जर्मनीला गेले ते बोटीने. ऑस्ट्रेलियात आले तेही बोटीने. नंतर प्रवासी बोटी बंद झाल्या आणि सर इथेच राहिले. वसईला ते इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. बोटींच्या कंपन्यांकडे त्यांची चौकशी चालूच असे. एकदा त्यांना कळलं की इथून आखाती देशांत जिवंत मेंढ्या घेऊन मोठमोठी जहाजं जातात. त्यांनी कंपनीच्या ऑफिसात फोन करून विचारलं, मेंढ्यांबरोबर एखादा प्रोफेसर नेता का? तिथून मी माझं बघून घेईन. पलीकडची बाई म्हणाली, “डार्ल, द शीप डोन्ट कम बॅक.” हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत आणि इतके हसत की डोळ्यांत पाणी येई.

एकदा काईलने वर्गात सरळ विचारलंच. “क्रॅश, तुला तर सगळं माहितीय. कुठला रिव्हेट का असतो ते माहितीय. मग तू का फ्लाय करत नाहीस?”

सरांच्या बोटांतली क्लिप थांबली. ते म्हणाले, “माझ्या डोक्यात दोन खोल्या आहेत. एकीत माहिती राहते, दुसरीत भीती. मधे दार नाही. मी शोधलं.” आणि मग क्लिप न तुटताच त्यांनी तास संपवला. असं मी एकदाच पाहिलं.

वसईला त्यांची थोरली बहीण होती. तिला ते ‘बाय’ म्हणत. आई लवकर वारली तेव्हा हिनेच सरांना वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, केळीची वाडी सांभाळली, आणि भावाला शिकवलं. दर नाताळला तिचा फोन येई. सर तो स्पीकरवर लावत, कारण बाय काय बोलते ते सगळ्यांनी ऐकावं अशी त्यांची हौस असे.

“कधी येतोस?”

“बोट मिळाली की, बाय.”

“अजून बांधतायत का ती?”

सगळी खोली हसे. सरही हसत. एका नाताळला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. फोन ठेवल्यावरही त्यांचा हात रिसीव्हरवरच होता, आणि पुडिंग वाढून झालं तरी तो तिथेच होता.

त्याच्या पुढच्या वर्षी बायने अंथरूण धरलं. पुतण्याने फोन करून सांगितलं, काका, डॉक्टर फार आशा दाखवत नाहीत, ती रोज तुमचं नाव घेते. या वेळी फोन स्पीकरवर नव्हता. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, “मॉर्निंग, माय पॅसेंजर्स,” म्हणाले, आणि फळ्याकडे तोंड करून म्हणाले, “आय हॅव बॉट अ टिकेट.” चाळीस पोरांनी बाकं बडवली. काईल उभा राहून ओरडला, “गुड ऑन या, क्रॅश!” सर फळ्याकडेच बघत राहिले.

आता जे घडलं ते कुणाच्या मनात काही वाईट होतं म्हणून घडलं नाही, हे मला आधी सांगायचं आहे.

सर विमानाने जाणार म्हटल्यावर क्लेटनभर उत्सव झाला. कर्णिक काकूंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. त्या म्हणाल्या, “त्यांनी आपल्यातल्या प्रत्येकाला एकेक अपघात देऊन पाठवलंय. आणि आपण त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं? शोभतं का?” सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. आपल्याकडे जाणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवायचंच असतं, आणि सरांना द्यायला याहून चांगलं काय असणार?

टुलामरीनच्या विमानतळावर आम्ही सगळे आधीच जाऊन उभे होतो. काकू, त्यांचे यजमान, पुण्याचा अमेय, मीनल नावाची आमची एक सीनियर, आणि मी. काकूंनी वजनकाटासुद्धा आणला होता. सर आले ते कोट घालून. त्या कोटाला नॅप्थालिनच्या गोळ्यांचा वास येत होता. शेजारी आंटी होत्या. बॅग काउंटरवर देऊन झाली, पासपोर्ट सरांच्या हातात होता. काटा बघून सर खदखदून हसले.

“चढा, सर!” काकू म्हणाल्या. “बिशप असो की बँकर!”

सर चढले. काकूंनी वाकून बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “मी सभ्य बाई आहे.” आजूबाजूची रांगसुद्धा हसली. आंटी हसत हसत डोळे पुसत होत्या. खरंच फार छान चाललं होतं.

मग काकूंनी घसा खाकरला. “सर, एक होता व्यापारी. त्याने कोटात हॅम लपवलं. विमान धावलं, धावलं, आणि कुंपणात जाऊन आपटलं. झालं!”

“झालं काय?” सर हसतच म्हणाले. “पुढे?”

“पुढे काय? आपटलं.”

“अहो, पुढे कोटासकट वजन घ्यायला लागले ना! चढायच्या अगदी आधी, दारात. त्या कुंपणामुळे तर...”

“आता माझा!” अमेय मधेच म्हणाला. “धुकं. खाली काही दिसत नाही. वैमानिक काय करायचे, खाली येऊन रेल्वेचे रूळ धरायचे आणि त्यांच्यावरून जायचे. एकाच रुळावरून एक विमान इकडून, दुसरं तिकडून. धडाम!”

“धडाम नाही रे!” सरांचा आवाज थोडा चढला. “ती थोडक्यात चुकली. पंखाला पंख घासून गेली, दोन्ही शेतात उतरली. आणि त्यानंतर त्यांनी ठरवलं की रुळाच्या उजव्या बाजूनेच जायचं. तू ऐकलंस ना तेव्हा? मी सांगितलं होतं.”

“सांगितलं असेल, सर,” अमेय ओशाळून म्हणाला. “माझी फ्लाइट होती दुसऱ्या दिवशी. मला धडामच आठवतंय.”

मग मीनल. तिने सांगायला शेपटाचा अपघात निवडला होता. छोटं धातूचं विमान, आत चार-पाच लोक आरामात गाद्यांवर बसलेले, बाहेर ढग. विमान ढगात शिरलं. शेपूट थरथरायला लागलं. थरथरत राहिलं. आणि मग मीनल थांबली. तिने शांतता पाळली, अगदी सरांसारखी. सरांनीच आम्हाला शिकवलेली ती शांतता विमानतळाच्या मधोमध उभी राहिली, आणि सरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू निघून गेलं.

“पुढे?” त्यांनी विचारलं.

मीनल माझ्याकडे बघायला लागली. मी काकूंकडे. माझी पाळी होती, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. शहाणपणा म्हणून नव्हे. मला लोकांसमोर बोलता येत नाही, एवढंच.

“कुणालाच दुसरा भाग आठवत नाही?” सर म्हणाले. “कुणालाच?”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पासपोर्ट आडवा धरून त्याचा पंख केला. बोर्डिंग पास मागे धरून त्याचं शेपूट केलं. पंखावरून सुटलेली हवा कशी गढूळ होते, ती शेपटावर कशी आदळते, हे कुणालाच माहीत नव्हतं, कुणाला दिसतही नव्हतं. ते विमान पडलं तेव्हा शोधून काढलं, आणि तेव्हापासून शेपूट कुठे ठेवायचं, किती मजबूत करायचं हे ठरलं. बोर्डिंग पास हलवून ते शेपटाचं थरथरणं दाखवत राहिले. लाउडस्पीकरवर ‘मिस्टर गोन्झालवेझ’ असं काहीतरी पुकारलं गेलं.

“अहो, तुमचं नाव,” आंटी म्हणाल्या.

“एक मिनिट, हा मुद्दा संपवतो.”

पुन्हा पुकारलं. सर सांगतच होते. हॅमकडे परत गेले, रुळांकडे परत गेले, प्रत्येक गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग आमच्या हातात ठेवत राहिले. आंटी त्यांची बाही ओढत होत्या. मग त्यांनी ओढणं सोडून दिलं आणि नुसती बाही धरून उभ्या राहिल्या.

काउंटरवरच्या बाईने शेवटी येऊन सांगितलं, “सॉरी, लव्ह. गेट्स क्लोज्ड. दे आर टेकिंग युअर बॅग ऑफ.”

“नो वरीज,” सर म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले की आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर, बाहेर फुटपाथवर. आंटी गाडी आणायला गेल्या होत्या. परत मिळालेल्या बॅगेवर सर कोटासकट बसले होते. वारा सुटला होता. कर्णिक काकू त्यांच्यासमोर उभ्या राहून रडत होत्या, “आमचं चुकलं हो, सर, आम्हाला वाटलं तुम्हाला आवडेल.”

“आवडलं की,” सर म्हणाले. “काट्याचं तर फारच आवडलं.” मग आमच्याकडे वळून ते वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाले, “चूक माझी आहे. मी इतकी वर्षं शिकवतोय. मी तुम्हाला शेवट आधी सांगायला हवा होता.”

गाडी आली. त्यांनी कुणालाही बॅग उचलू दिली नाही.

त्या आठवड्यात मी सिडनीला आलो. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात कृत्रिम सांध्यांच्या धातूवर काम करायला मला काही महिन्यांसाठी पाठवलं होतं. क्वेकर्स हिलला दोन मुलांबरोबर एक घर भाड्याने घेतलं. सरांना फोन करावा असं रोज वाटे, पण काय बोलावं ते सुचत नसे. एकदा केला तर कुणी उचलला नाही. क्लेटनहून अमेय म्हणाला, सर सुट्टीवर आहेत, घर बंद असतं, काकू दारावर डबा ठेवून येतात तर तो तसाच असतो. मी जे समजायचं ते समजलो. वाटलं, आता त्यांना आमच्यापैकी कुणाचं तोंड बघायचं नसेल.

मग एका शनिवारी आरव्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, मोनिका आंटींचा फोन आला. आवाज लांबून येत होता, त्यात कावळे होते. त्या त्यांच्या वसईच्या बोलीत बोलत होत्या, मी इथे माझ्या भाषेत लिहितो. बाय गेली, त्यांनी सांगितलं. काल मातीही झाली.

मी विचारलं, “सरांना कुणी कळवलं?”

“कळवायचं कुणाला? तिचा हात त्यांच्याच हातात होता.”

विमान चुकल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशीच ते दोघं निघाले होते. कुणाला सांगितलं नाही, कुणाला बोलावलं नाही. सरांनी पंखाशेजारची खिडकी मागून घेतली. आंटी म्हणाल्या, पूर्ण वाटभर त्यांनी एका हाताने माझं मनगट धरलं होतं, आता निळं झालंय, ये तर दाखवते.

“आणि बायने ओळखलं?”

“तिला दिसत कुठे होतं फारसं? तिने तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, ‘एवढा उशीर? चालत आलास की काय?’ मग हे जे रडायला लागले ते थांबेनात. सगळं घर गोळा झालं. शेवटी तिलाच कंटाळा आला. म्हणाली, ‘रडणं पुरे, विमानात जेवायला काय देतात ते सांग.’”

“काय म्हणाले सर?”

“काय म्हणणार? म्हणाले, ‘बाय, मी ताटाकडे बघितलंच नाही, सगळा वेळ पंखाकडे बघत होतो.’” आंटी हसल्या. “तर म्हणाली, ‘आता बघून झालाय ना पंख? मग जाताना नीट जेव.’”